सात वाजून तीन मिनिटं: शाळेच्या फाटकासमोर कोसळलेले आजोबा

हे प्रकरण जुळवलेलं आहे. एखाद्या ठरावीक शाळेत ठरावीक दिवशी असंच्या असं घडलेलं नाही. शाळेच्या फाटकासमोर माणूस कोसळतो तेव्हा ज्या गोष्टी हमखास घडतात, त्या इथे एका सकाळीत बसवल्या आहेत. वेळा मुद्दाम मिनिटं-सेकंदांत दिल्या आहेत, कारण अशा वेळी चूक कुठे झाली हे विचारायचं तर ती कितव्या मिनिटाला झाली हेच विचारावं लागतं.

जागा पुण्याच्या एका उपनगरातली. चौथीपर्यंतचे वर्ग नऊ वाजता किंवा त्यानंतरच भरवा असा शासनाचा आदेश २०२४ साली आला, तेव्हापासून सातच्या सत्राला पाचवी ते दहावी उरली. तरी गर्दी फारशी कमी झालेली नाही. सहा मीटरची गल्ली, एका बाजूला व्हॅन आणि रिक्षा, दुसऱ्या बाजूला स्टँडवर लावलेल्या दुचाक्या. मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट, आणि सात ते सात-दहा या वेळात त्या वाटेतही कोणीतरी "एकच मिनिट" म्हणून थांबलेलं असतंच.

आजोबा ६६ वर्षांचे. नातू सहावीत. ब्लडप्रेशर आणि शुगर, दोन्हींच्या गोळ्या बरीच वर्षं चालू. पहाटे पाचला छातीत जळजळल्यासारखं झालं, थोडा घाम आला, जबडा आणि डावा खांदा जड वाटले. रात्रीचं वांगं बाधलं असेल म्हणून सोड्याची पुडी घेतली. सूनबाईंना सांगितलं नाही. त्यांची सकाळची गडबड, उगाच घोळ नको. मग नातवाला मागे बसवून स्कूटर काढली.

खरं म्हणजे पहिली संधी इथेच गेली. हार्ट अटॅकचं प्रमाण सकाळी सहा ते बारा या वेळात दिवसाच्या इतर वेळेपेक्षा जास्त दिसतं, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. मधुमेह असलेल्या माणसाला छातीत सणसणीत कळ येईलच असं नाही. अस्वस्थपणा, घाम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत जडपणा एवढ्यावरही भागतं. घाम फुटलेली 'अ‍ॅसिडिटी' ही अ‍ॅसिडिटी समजायची नाही. त्या वेळी करायचं ते असं: गाडी चालवायची नाही, जिना चढायचा नाही, टेकून बसायचं आणि १०८ लावायचा. माणूस पूर्ण शुद्धीत असेल, गिळता येत असेल, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला देतात. शेजारच्या काकांच्या खिशातली सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयरोग्यांची छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी, मात्र जिभेखाली ठेवायची नाही. तिने रक्तदाब उतरतो, आणि आधीच उतरलेला असेल तर माणूस तिथेच आडवा होतो. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्याने ती घ्यावी.

पहिली पन्नास सेकंदं

सात वाजून तीन मिनिटं. नातू उतरला, दप्तर पाठीला लावून फाटकाकडे निघाला. आजोबांनी स्कूटर साइड स्टँडवर टाकली, हँडलला धरून क्षणभर उभे राहिले आणि स्कूटरसकट उजवीकडे कलंडले. डोळे उघडे, नजर वर. हात-पाय पाच-सात सेकंद झटके देत हलले. घशातून घोरल्यासारखा आवाज.

लगेच चार आवाज उठले. "फिट आली, फिट आली!" "कांदा आणा कोणीतरी." "चप्पल हुंगवा." "किल्ली द्या हातात, लोखंड द्या." एका काकूंनी पाण्याची बाटली उघडून तोंडावर हबका मारला. दोघांनी काखेत हात घालून आजोबांना बसवायचा प्रयत्न केला. व्हॅनवाल्या काकांनी रिक्षावाल्याला हाक मारली, "घे रे पुढे, टाक आत, जवळच्या हॉस्पिटलात ने."

यातली प्रत्येक गोष्ट मदतीच्या भावनेनेच झाली आणि प्रत्येकीने वेळ खाल्ला. कांदा, चप्पल, किल्ली यांचा फिटवरसुद्धा काही उपयोग नाही. फिट आपली आपण थांबते आणि श्रेय किल्लीला मिळतं. बसवणं तर घातकच. हृदय थांबलेलं असताना डोकं वर उचललं की मेंदूकडे जाणारं उरलंसुरलं रक्तही खाली येतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडावर मारलेलं पाणी थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मुख्य गफलत मात्र 'फिट' या शब्दात होती. हृदय अचानक थांबलं की मेंदूचा रक्तपुरवठा एका क्षणात तुटतो आणि सुरुवातीला काही सेकंद शरीर झटके देतं. हुबेहूब फिटसारखं दिसतं. त्यात घशातला तो आवाज. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा जबडा उघडतो, थांबतो, पुन्हा उघडतो, घर्र असा आवाज येतो आणि बघणारा म्हणतो, "श्वास चालू आहे की!" ही मेंदूच्या तळाकडून येणारी शेवटची आचके देणारी हालचाल, हिने फुप्फुसात कामापुरती हवा जात नाही. हृदय थांबलेल्या बऱ्याच लोकांमध्ये पहिली काही मिनिटं ती दिसते, आणि लोक मदतीला हात न लावण्याचं सगळ्यात मोठं कारण कदाचित तीच आहे.

हार्ट अटॅक आणि हृदय थांबणं, बोलताना आपण दोन्हींना एकच नाव देतो. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त देणारी नळी तुंबणं. माणूस बोलत असतो, चालतसुद्धा असतो. हृदय थांबणं म्हणजे पंप बंद पडणं. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, आजोबांचं तसंच झालं. हृदयातली विजेची लय बिघडून स्नायू नुसता थरथरत होता. थरथरणाऱ्या हृदयातून रक्त पुढे जात नाही.

दहा सेकंदांची तपासणी

७:०३:५० ला शाळेचे पीटीचे सर धावत आले. त्यांनी आधी स्कूटर पायावरून उचलून बाजूला करायला लावली आणि मागून येणारी रिक्षा हात दाखवून थांबवली. मग गुडघ्यावर बसून दोन्ही खांदे जोरात थोपटत कानाशी ओरडले, "काका! काका, ऐकू येतंय का?" काही नाही. हेल्मेट अर्धं होतं, पट्टा सोडून काढलं. (पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट असतं तर एकाने मान आणि जबडा दोन्ही हातांनी स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने हेल्मेट बाजूंनी फाकवत सरळ ओढायचं.) शर्टाची वरची बटणं उघडून सरांची नजर छाती-पोटावर. दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. त्या दहा सेकंदांत एकदा जबडा हलला, छाती नीट वर-खाली झाली नाही.

नाडी बघितली नाही. बरोबर केलं. शिकाऊ माणसाला घाबरलेल्या अवस्थेत मानेची नाडी सापडत नाही, किंवा स्वतःच्याच बोटातली धडधड जाणवते आणि तो "आहे, आहे" म्हणून थांबतो. सामान्य माणसासाठी नियम एवढाच: हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर हृदय थांबलंय असं धरून छाती दाबायला सुरुवात करायची.

चूक झाली आणि हृदय चालूच असलं तर? माणूस कण्हेल, हात झटकेल, मग थांबा. मोठं नुकसान होण्याची शक्यता फार कमी. न दाबण्याची चूक मात्र दुरुस्त होत नाही. रक्त न मिळाल्यास मेंदूला चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. अशा थरथरणाऱ्या हृदयाला ना दाब मिळाला ना विजेचा झटका, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घसरते.

दाब

७:०४:२० ला पहिला दाब पडला. रस्ता डांबरी, सपाट आणि कडक, म्हणजे उत्तम. उताणं झोपवून सर छातीच्या बाजूला गुडघे टेकून बसले. छातीच्या मधोमध जे उभं हाड आहे त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, बोटं गुंफून वर उचललेली. खांदे हातांच्या बरोबर वर, कोपरं ताठ. जोर दंडातून काढायचा नसतो, कमरेपासून पुढे झुकून अंगाचं वजन टाकायचं असतं. मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर खाली जायला हवी, सहाच्या पुढे नको. त्यासाठी चाळीस-पन्नास किलोचा भार लागतो, म्हणून नुसत्या मनगटाने दाबणारा माणूस कितीही तळमळीने दाबत असला तरी ते अंग चेपल्यासारखं होतं.

प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे बहुतेक जण विसरतात. थकलेला माणूस छातीवर टेकून राहतो, मग हृदयात परत रक्त भरतच नाही आणि पुढचा दाब रिकाम्या पिशवीवर पडतो.

वेग मिनिटाला १०० ते १२०. इथे मराठी मोजणीची एक गंमत आहे, आणि ती सरावात हमखास आडवी येते. एक ते दहा पटापट म्हणता येतात. 'सतरा, अठरा, एकोणीस' आले की जीभ लांबते आणि तिच्यामागे हात मंदावतो. 'एकोणतीस'पाशी तर लयच जाते. म्हणून तीसपर्यंत मोजू नका, एक ते दहा असं तीनदा मोजा. मोठ्याने मोजा, म्हणजे पुढचा गडी तयारीत राहतो.

मध्ये थांबायचं नाही, याचं कारण गावाकडच्या हापशावर कळतं. हापसा मारायला घेतला की पहिले काही हिसडे कोरडे जातात, मग पाणी येतं. हात थांबला की धार तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. छाती दाबताना हृदयाच्या स्वतःच्या नळ्यांत तयार होणारा दाब असाच हळूहळू चढतो आणि दोन-चार सेकंदांच्या थांब्यात उतरतो. नीट दाबलं तरी एरवीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकंच रक्त फिरतं. तेवढ्यावर मेंदू तग धरतो. "बघू या, शुद्ध आली का" म्हणून दर अर्ध्या मिनिटाला थांबणारा माणूस तेवढंही मिळू देत नाही.

पाचव्या-सहाव्या दाबाला कट असा आवाज आला. बरगडी. बघणाऱ्या बाईंनी "अहो सर, हळू!" म्हणून हात धरला. सरांनी हाताची जागा मधोमध आहे ना एवढं पाहिलं आणि तसंच चालू ठेवलं. वयस्क माणसात बरगड्या मोडणं नेहमीचं आहे. त्या सांधतात.

तोंडाने श्वास दिला नाही. मोठा माणूस डोळ्यांदेखत अचानक कोसळला असेल तर पहिली काही मिनिटं रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. नुसती छाती दाबणं पुरतं. भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने भारतात सामान्य लोकांसाठी २०१७ मध्ये जी पद्धत आखली गेली, तीही फक्त दाबाचीच आहे. अपवाद लक्षात ठेवायचा तो लहान मुलांचा, बुडालेल्यांचा आणि धुरात गुदमरलेल्यांचा. तिथे आधी प्राणवायू संपलेला असतो, हृदय नंतर थांबतं. ज्याला येतं त्याने तीस दाब आणि दोन श्वास असं करावं.

सर दोन मिनिटांनी हटले. दमले नव्हते, निदान त्यांना तसं वाटत नव्हतं. पण दाबणाऱ्याला थकवा जाणवायच्या आधीच खोली कमी व्हायला लागते, म्हणून अदलाबदल घड्याळावर. पुढचा माणूस समोरच्या बाजूला गुडघे टेकून हात तयार ठेवून बसतो, "दहा" म्हणताच पहिला हात काढतो आणि दुसरा घालतो. पाच सेकंदांच्या आत. इथे सरांनंतर नववीतल्या एका मुलीची आई, मग वॉचमन, मग दूधवाला आणि पुन्हा सर, असं चक्र चाललं. आईला आणि दूधवाल्याला याआधी कधी शिकवलेलं नव्हतं. सर शेजारी बसून "खोल… अजून खोल… आता पूर्ण सोडा" असं सांगत राहिले, तेवढ्यावर जमलं.

१०८ वर काय सांगितलं

पहिल्या मिनिटात पाच जणांनी फोन काढले होते. तिघे व्हिडिओ घेत होते, एकजण घरी बायकोला सांगत होता, एकाला वाटलं की बाकीच्यांनी लावला असेल. सरांनी दाब सुरू करतानाच बोट दाखवून सांगितलं, "निळा शर्ट, तुम्ही. १०८ लावा, स्पीकरवर टाका, इथेच माझ्याजवळ थांबा." 'कोणीतरी' या नावाचा माणूस गर्दीत कधीच नसतो, शर्टाचा रंग सांगितला की असतो.

पहिला प्रयत्न असा झाला: "हॅलो, लवकर या, शाळेसमोर माणूस पडलाय!" पलीकडून विचारणा झाली, "कोणती शाळा, कोणता जिल्हा?" निळ्या शर्टला राग आला. पण राज्यात ही सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हापासून कुठूनही केलेला १०८ एका मध्यवर्ती कक्षात वाजतो, तो कक्ष पुण्यात औंधला आहे. तिथल्या माणसाला तुमची गल्ली माहीत असायचं कारण नाही. पलीकडच्या टेबलावर त्याच क्षणी गडचिरोलीचा फोन चालू असेल. सांगायचं ते या क्रमाने:

"पुणे शहर. अमुक भाग, तमुक रस्ता, पाण्याच्या टाकीशेजारची शाळा, मागचं फाटक. पुरुष, वय पासष्टच्या आसपास. शुद्ध नाही, श्वास नाही, छाती दाबणं चालू आहे. माझा नंबर हाच, चालू ठेवतो."

'चक्कर आली' आणि 'श्वास नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राज्यातल्या सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत उपचारांच्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या होत्या; कोणती धाडायची हे तुमच्या त्या दोन शब्दांवरून ठरतं. फोन आपण आधी ठेवायचा नाही. १०८ लागत नसेल तर ११२.

रिक्षाचा मोह

व्हॅनवाले काका अजून हट्ट सोडत नव्हते. "चार किलोमीटरवर मोठं हॉस्पिटल आहे, दहा मिनिटांत पोचवतो!" हिशेब करून पाहू. उचलून रिक्षात कोंबायला दीड-दोन मिनिटं. या वेळच्या रहदारीत दहा-बारा मिनिटं. कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर मिळेपर्यंत एक. म्हणजे चौदा मिनिटं, ज्यांत छातीवर एकही धड दाब नाही, कारण रिक्षाच्या मागच्या सीटवर दुमडून बसवलेल्या माणसाची छाती कोणालाच दाबता येत नाही. तिथे पोचेल तो बहुतेक मेंदू गेलेला देह.

माणूस शुद्धीवर असता, छाती धरून बोलत असता आणि अँब्युलन्सला अर्धा तास लागणार असता, तर कारमध्ये टेकवून अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या हॉस्पिटलात नेणं शहाणपणाचं ठरलं असतं. रिक्षा वाईट नाही. ती हृदय थांबलेल्या माणसासाठी नाही, एवढंच.

गल्ली मोकळी करणं

हे काम दाबाइतकंच मोलाचं होतं आणि नेमकं ते कोणाकडेच नव्हतं. १०८ ची गाडी साधारण दोन मीटर रुंद, आरसे धरून आणखी थोडी. मागचं दार उघडून स्ट्रेचर खाली घ्यायला तिच्यामागे निदान दोन-अडीच मीटर रिकामी जागा लागते. ७:०५ ला गल्लीत तेवढी जागा कुठेच नव्हती. उलट मागून येणाऱ्या पालकांना पुढे काय झालंय ते कळत नव्हतं आणि ते हॉर्न वाजवत आत शिरत होते.

मुख्याध्यापिका बाई ७:०७ ला बाहेर आल्या. त्यांनी आधी गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोन शिक्षक उभे केले: आत कोणी नाही, बाहेर सगळे. मुलांना तोंडावरच उतरवून पुढच्या फाटकाने चालत पाठवलं. व्हॅनवाल्या काकांना नेमकं काम मिळालं तसा त्यांचा रिक्षाचा हट्टही संपला. त्यांच्या हाकेवर सात व्हॅन तीन मिनिटांत बाहेर पडल्या. एक कार मात्र तशीच राहिली, चालक मुलाला वर्गापर्यंत सोडायला आत गेलेला. अँब्युलन्स ७:१६ ला तोंडाशी आली आणि त्या कारपाशी अडली. स्ट्रेचर आणि विजेचा झटका देणारं मशीन हातात घेऊन डॉक्टर आणि मदतनीस साठ मीटर पळत आले. त्या एका 'एकच मिनिट'ने जवळपास दीड मिनिट घेतलं.

मशीन आल्यावर

७:१८ पर्यंत चौदा मिनिटं दाब चालले होते, म्हणजे दीड हजाराच्या आसपास. दाब चालू असतानाच शर्ट कापला, पाणी मारल्याने ओली झालेली छाती रुमालाने कोरडी केली. दोन पॅड: एक उजव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बाजूला काखेच्या खाली, बरगडीवर. पॅडच्या जागेवर औषधाची पट्टी असेल तर काढून पुसायची. पेसमेकरची गाठ असेल तर तिच्यावर नाही, दोन-तीन सेंटिमीटर बाजूला. मशीन लय वाचतं तेवढाच वेळ सगळ्यांनी हात काढायचे. "कोणी हात लावू नका!" झटका. लगेच, नाडी न बघता, पुन्हा दाब. दोन मिनिटांनी पुन्हा तपासणी, दुसरा झटका. ७:२२ ला दाबणाऱ्याच्या हाताखाली आजोबांचा हात हलला. मानेला नाडी लागली. ७:३१ ला गाडी निघाली.

पुढे हॉस्पिटलात काय होईल हे फाटकावर कोणालाच सांगता येत नाही. जिथे सगळी व्यवस्था आहे अशा अमेरिकेतही हॉस्पिटलबाहेर हृदय थांबलेल्या दहांपैकी जेमतेम एकजण चालत घरी जातो. असा माणूस नंतर वाचला नाही, तर ज्यांनी दाबलं त्यांना हे आधी माहीत असलेलं बरं.

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न नेमके होते: कोसळताना कोणी पाहिलं? किती वाजता? दाब किती वेळाने सुरू झाले? आधी काय त्रास होता, कोणत्या गोळ्या? पहिल्या तिन्हींची उत्तरं मिळाली, कारण निळ्या शर्टने फोनवर वेळा टिपून ठेवल्या होत्या. गोळ्यांचं उत्तर नातवाच्या डायरीतल्या नंबरावरून वडिलांना फोन लागल्यावर मिळालं. आजोबांचा स्वतःचा फोन कुलूपबंद होता. गोळ्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असती, तर ती दोन मिनिटं वाचली असती.

नातू

तो पहिलं दीड मिनिट गर्दीत उभा होता, दप्तरासकट, आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही. मग चित्रकलेच्या बाईंनी त्याला पाहिलं. त्याच्या समोर बसून म्हणाल्या, "आजोबांना खूप बरं नाहीये. सर त्यांना मदत करतायत, डॉक्टर निघालेत. बाबांना फोन करतोय. मी तुझ्याजवळच आहे." "काही झालं नाही रे" असं त्या म्हणाल्या नाहीत. मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. खोटं बोललेलं त्याला कळतं आणि मग पुढचं खरंही पटत नाही. डोळे झाकले नाहीत, पण बाजूच्या खोलीत नेलं, पाणी दिलं, वडील येईपर्यंत हात सोडला नाही. फाटकावरच्या बाकी मुलांना पहिल्या तासाला वर्गशिक्षकांनी चार वाक्यांत खरं काय ते सांगितलं. व्हिडिओ घेणाऱ्या तिघांकडून तो पालकांच्या ग्रुपवर जायच्या आत काढून टाकायला लावला. नाहीतर सूनबाईंना ते फोनवर पाहूनच कळलं असतं.

बाई असती तर

हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. कोसळलेली व्यक्ती आजी असती तर गर्दीतल्या पुरुषांचे हात थबकले असते. परदेशातल्या पाहण्यांतही अनोळखी माणसांकडून छातीदाब मिळण्याचं प्रमाण बायकांमध्ये कमी आढळतं. दाब कपड्यांवरून देता येतो. पदर बाजूला करायचा एवढंच, मंगळसूत्र एका बाजूला सरकवायचं. मशीनच्या पॅडला मात्र उघडी कातडी लागते, तेव्हा कपडे कापावेच लागतात. भोवतीच्या बायकांनी पाठ करून ओढण्यांचा आडोसा धरावा.

आणि शुद्ध नाही पण श्वास व्यवस्थित चालू आहे, असं असेल तर छाती दाबायची नाही. सकाळी इन्सुलिन घेऊन न खाता निघालेला माणूस असा पडतो. त्याला कुशीवर वळवून ठेवायचं, तोंडात साखर किंवा पाणी घालायचं नाही, श्वासावर नजर ठेवायची आणि १०८ लावायचा. गोड द्यायचं ते शुद्धीत असताना.

कायद्याची धास्ती

"पोलिसांच्या लफड्यात पडू नका" हे वाक्य ७:०४ लाही ऐकू आलंच. सद्भावनेने, संमती देता न येणाऱ्या माणसाच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये संरक्षण आहे. जुन्या दंड संहितेत ते कलम ९२ होतं. रस्ते अपघात असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१६ चा आदेश आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

त्यानंतर शाळेने बदललं ते

फाटकाच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ मीटरचा पट्टा पिवळ्या रंगाने आखला; तिथे सात ते सात-पंधरा कोणीही थांबत नाही, मुख्याध्यापिका बाईंची गाडीसुद्धा नाही. दर तीन महिन्यांनी अर्धा तास उशीवर आणि पुतळ्यावर सराव, त्यात वॉचमन, मावशी आणि व्हॅनवाले आधी, शिक्षक नंतर. कारण फाटकावर तेच असतात. तीन महिनेच का, तर हाताचं हे कसब सहा महिन्यांत उतरतं. विजेच्या झटक्याच्या मशीनचा विषय पालक सभेत आला तेव्हा किमतीवर चर्चा झाली, पण खरी अडचण देखभालीची असते: पॅडना मुदत असते, बॅटरी न वापरताही उतरते. महिन्यातून एकदा हिरवा दिवा बघून वहीत सही करणारा माणूस आधी नेमला, मग मशीन मागवलं. ते मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात गेलं नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये, खुंटीवर, वॉचमनच्या डब्याशेजारी लटकतं.

त्याच केबिनच्या आतल्या भिंतीवर ऑइल पेंटने चार ओळी लिहून घेतल्या. फोनवर जसं बोलायचं तसंच: जिल्हा, भाग, रस्ता आणि खूण. खाली बारीक अक्षरात, "मागचं फाटक म्हणा, पुढचं नाही."